आठ तासांचा वर्ग, पण कोणासाठी?

ह्यूस्टनमध्ये उन्हाळ्यात एसी दुरुस्तीच्या व्हॅन दिवसभर पळत असतात. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना कंपनीच्या नावाजवळ एक परवाना क्रमांक रंगवलेला दिसतो, निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत. ही जाहिरात नव्हे, टेक्सस राज्याचा नियम आहे. हा क्रमांक कंत्राटदाराचा असतो आणि तो पडताळून पाहायची सोय राज्याच्या परवाना खात्याने केलेली आहे.

परवान्याचे वर्ग दोन. ‘बी’ वर्गवाल्याने २५ टनांपर्यंतच्या थंडाव्याची कामं करायची. ‘ए’ वर्गवाल्याला मर्यादा नाही. आपल्याकडे बेडरूमला दीड टनाचा एसी पुरतो, त्यावरून २५ टनांचा अंदाज बांधता येईल. परवान्याची मुदत मात्र एकाच वर्षाची. नूतनीकरणासाठी नुसते पैसे भरून भागत नाही, दरवर्षी आठ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यातला एक तास राज्याचे कायदे आणि नियम यांनाच द्यायचा. हा वर्ग घरबसल्या ऑनलाइनही करता येतो. मुदत उलटली, तर नव्वद दिवसांपर्यंत दीडपट शुल्क आणि त्यानंतर दुप्पट. शिवाय परवाना जिवंत होईपर्यंत काम बंद.

इथवर सगळं ठाकठीक वाटतं. गंमत पुढे आहे. हे आठ तास कंत्राटदाराला सक्तीचे. त्याच्या हाताखाली छपरावर चढून गेज लावणाऱ्या तंत्रज्ञाला नाहीत. त्याने राज्याकडची नोंदणी चालू ठेवली की झालं. गॅस हाताळायला केंद्रीय पर्यावरण संस्थेचं ‘कलम ६०८’चं प्रमाणपत्र लागतं खरं, पण ती परीक्षा एकदा पास झालं की ते कार्ड जन्मभर चालतं. सक्ती नोव्हेंबर १९९४ मध्ये लागू झाली, आणि तेव्हा पास झालेल्याचं कार्ड आजही वैध आहे.

या काळात गॅस मात्र दोनदा बदलला. आधी होता आर-२२. ओझोनच्या थराला त्याचा धोका, म्हणून १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत त्याचं नवं उत्पादन आणि आयात थांबली. त्याची जागा घेतलेला आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी, पण हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवणारा. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती यंत्रणांसाठी ७०० पटींची कमाल मर्यादा आली. कंपन्या आर-४५४बी आणि आर-३२ यांच्याकडे वळल्या. पहिल्याचा आकडा ४६६, दुसऱ्याचा ६७५. दोन्ही सौम्य का होईना, पण पेट घेणारे.

हा फरक सिलिंडर उचलल्याबरोबर हाताला कळतो. पूर्वी गॅसगणिक टाकीचा रंग वेगळा असे, आर-४१०एची गुलाबी. आता सगळ्या टाक्या करड्या, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय इलाज नाही. ज्वलनशील गॅसच्या टाकीला वर लाल पट्टा असतो आणि वेल्डरच्या ॲसिटिलीनच्या बाटलीसारखे तोंडाला उलटे आटे. जुना होज तिथे बसतच नाही, त्यासाठी वेगळा ॲडॅप्टर लागतो. जुना गॅस काढून घेणारं यंत्र आणि गळती शोधणारं उपकरणही या गॅससाठी चालणारं आहे ना, ते पाहावं लागतं. आर-४५४बी तर दोन गॅसचं मिश्रण. ते द्रवरूपातच भरायचं, नाहीतर प्रमाण बिघडतं. तीस वर्षांपूर्वीची परीक्षा यातलं काहीच शिकवत नाही. ते शिकवतात यंत्रांच्या कंपन्या आणि सुटे भाग विकणारे दुकानदार, आणि तेही ज्या कंत्राटदाराला आपली माणसं पाठवायची बुद्धी होते त्याच्या माणसांना.

राज्याराज्यांतही मेळ नाही. फ्लोरिडात दर दोन वर्षांनी चौदा तास. कॅलिफोर्नियात एसी कंत्राटदाराला नूतनीकरणासाठी एकही तास बसावं लागत नाही.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. पुण्याजवळ शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ मध्ये आर-२९०चे, म्हणजे चक्क प्रोपेनचे एसी बनवायला सुरुवात केली. हा गॅस आर-३२पेक्षा कितीतरी सहज पेटतो, त्यामुळे विक्रीबरोबर तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणंही आलंच. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्याचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की नूतनीकरण नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ने एक लाख दुरुस्ती तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक नव्या स्प्लिट एसींत आता तोच पेट घेणारा आर-३२ भरलेला असतो. मेकॅनिक दारात आला की गिऱ्हाईक मात्र प्रमाणपत्राचं नावही काढत नाही. विचारतं ते एवढंच, ‘‘गॅस भरायचे किती घेणार?’’