गोळीने मेले थोडे, तापाने फार
लेखमाला : साम्राज्ये आणि समुद्र – लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण हवाना बंदरापर्यंत आलो होतो. 15 फेब्रुवारी 1898 च्या रात्री तिथे ‘मेन’ या अमेरिकन युद्धनौकेत स्फोट झाला, अडीचशेहून अधिक खलाशी दगावले आणि एप्रिल संपायच्या आत अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध जुंपले. ऑगस्टमध्ये तोफा थांबल्या. एवढ्या थोडक्यात आटोपलेले युद्ध म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याला दोन परिच्छेद मिळतात. त्यात माणसे कशाने मेली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

त्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागेल. स्पेनच्या ताब्यातल्या क्युबातले बंडखोर गावोगावच्या शेतकऱ्यांच्या आधारावर लढत होते. तो आधार तोडण्यासाठी स्पॅनिश सेनापती व्हॅलेरियानो वेय्लर याने 1896 मध्ये खेड्यांतल्या लोकांना घरदार सोडून तटबंदी केलेल्या गावांत येऊन राहण्याचा हुकूम काढला. मागे राहील तो बंडखोर समजला जाई. शेते ओस पडली, गुरे कापली गेली. छावण्यांत ना धान्य होते ना पुरेसे पाणी. किती माणसे मेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण कमीत कमी अंदाजही 1 लाखाचा आहे, आणि बेटाची सगळी लोकसंख्या तेव्हा जेमतेम 16 लाखांच्या आसपास होती. व्हर्माँटचे सिनेटर रेडफील्ड प्रॉक्टर स्वतः क्युबात फिरून आले आणि 17 मार्च 1898 रोजी सिनेटमध्ये त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. शांत सुरातल्या त्या भाषणाने अनेक सावध व्यापाऱ्यांचेही मत फिरले. हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वर्तमानपत्रांनीच हे युद्ध पेटवले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे भाषण विसरू नये.

युद्ध पुकारले तेव्हा अमेरिकेचे खडे सैन्य सुमारे 28,000 चे होते. काही महिन्यांत ते 2 लाखांच्या वर गेले आणि व्यवस्थेचा पार बोजवारा उडाला. क्युबाला निघायचे होते फ्लोरिडातल्या टँपा बंदरातून. शहरापासून धक्क्यापर्यंत एकच लोहमार्ग, त्यावर मैलोन् मैल मालडबे उभे. कोणत्या डब्यात काय आहे याची कागदपत्रेच आलेली नव्हती. अधिकारी एकेक डबा फोडून आत बंदुका आहेत, कपडे आहेत की अन्न आहे ते बघत होते. आगबोटींत जागा पुरेना, म्हणून घोडदळाचे बहुतेक घोडे मागेच ठेवले गेले. 14 जूनला सुमारे 17,000 माणसे निघाली ती उष्ण कटिबंधातल्या ऐन पावसाळ्यासाठी, अंगात लोकरी कपडे घालून.

22 जूनला डायकिरीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले. धक्का मोडकळीला आलेला, समुद्र खवळलेला. घोडे आणि खेचरे सरळ पाण्यात ढकलली गेली. काही पोहत किनाऱ्याला लागली, काही बुडाली. दहाव्या घोडदळाचे दोन कृष्णवर्णीय सैनिक उतरताना पाण्यात पडून बुडाले. शत्रूची एक गोळीही सुटलेली नव्हती.

1 जुलैची, सान्तियागो शहराजवळच्या सान हुआन टेकडीची चढाई थिओडोर रूझवेल्टच्या नावावर जमा झाली आहे. त्या चढाईत नववे आणि दहावे घोडदळ, चोविसावे पायदळ या कृष्णवर्णीय पलटणीही होत्या. जवळच्या एल कानी गावात जनरल व्हारा देल रेय याने सुमारे 500 स्पॅनिश सैनिकांनिशी जवळजवळ दिवसभर अमेरिकन सैन्य रोखून धरले आणि तो तिथेच पडला. हे स्पॅनिश सैनिक बहुतेक गरीब घरचे होते. 1,500 ते 2,000 पेसेटा भरले की सक्तीच्या भरतीतून सुटका होई. ज्यांच्याकडे ते नव्हते, ते क्युबाला आले. 1895 ते 1898 दरम्यान अशा 40,000 हून अधिक सैनिकांना रोगराईने गिळले.

खलाशांचा निकाल 3 जुलैला लागला. सान्तियागो बंदरात कोंडलेल्या स्पॅनिश ॲडमिरल सर्व्हेराला आरमार बाहेर काढण्याचा हुकूम आला. परिणाम काय होणार हे तो आधीपासून वरिष्ठांना कळवत होता. रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास चार क्रूझर आणि दोन विनाशिका एकामागून एक अरुंद तोंडातून बाहेर पडल्या. लाकडी डेक पेटले, आगीने दारूगोळा फुटू लागला. ‘क्रिस्तोबाल कोलोन’ हे सर्वांत वेगवान जहाज. त्याच्यावर मोठ्या तोफा बसवल्याच गेल्या नव्हत्या. ते बरेच पुढे निसटले होते, पण चांगला कोळसा संपला, बॉयलरमध्ये हलका कोळसा पडू लागला, वेग घटला आणि ते किनाऱ्याला लागले. दुपारपर्यंत स्पेनचे 300 हून अधिक खलाशी मेले होते. अमेरिकेचा एक. जळत्या जहाजांवरच्या आणि पाण्यातल्या शत्रूला वाचवायला मग अमेरिकन होड्याच गेल्या.

शहरातल्या लोकांचे हाल कमी नव्हते. तोफांचा मारा होणार म्हणून सुमारे 20,000 माणसे सान्तियागो सोडून एल कानीत आली. त्या लहानशा गावात खायला काही नव्हते. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन तेव्हा 76 वर्षांच्या होत्या. त्यांनी ‘स्टेट ऑफ टेक्सस’ जहाजातून आणलेले धान्य शिजवून लोकांना घातले. 17 जुलैला शहर शरण आले तेव्हा युद्धनौकांच्या आधी हेच जहाज बंदरात शिरले.

आणि मग ताप. हिवताप, पीतज्वर, हगवण. पीतज्वराच्या धास्तीने किनाऱ्यावरच्या सिबोनी गावातली घरे जाळून टाकण्यात आली. तिथल्या इस्पितळात शुश्रूषेला माणसे मिळेनात, तेव्हा चोविसाव्या पायदळातले सैनिक स्वतःहून पुढे आले. कृष्णवर्णीयांना हा ताप बाधत नाही ही डॉक्टरांची समजूत निव्वळ खोटी होती. त्यातले अनेक आजारी पडले, काही मेले. टेकडी चढण्यापेक्षा हे धाडस मोठे होते, असे मला वाटते.

क्युबाला कधी न पोचलेल्यांचीही सुटका नव्हती. अमेरिकेतल्याच छावण्यांत विषमज्वर पसरला. लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या समितीने नंतर तपास केला. संडासाच्या चरांत टाकलेला चुना पायांना लागलेल्या माश्या भोजनाच्या ताटांवर बसलेल्या दिसत होत्या. समितीने तपासलेल्या पलटणींत 20,000 हून अधिक रुग्ण आणि 1,590 मृत्यू निघाले. सगळ्या युद्धात लढाईत पडलेले अमेरिकन 400 च्या आत, रोगाने गेलेले 2,000 च्या वर.

यातले काही टळले असते का? हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले 1881 पासून सांगत होते की पीतज्वर डासांमुळे पसरतो. त्यांचे कोणी ऐकले नाही. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ऑगस्ट 1897 मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले होते, आणि सान्तियागो पडले त्याच जुलैत कोलकात्यात पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून त्यांनी डासांकरवी होणारा प्रसार सिद्ध केला. रीड यांनी फिनलेंचे म्हणणे पडताळले ते 1900 मध्ये.

एक हिशेब उरतो, तो क्युबाच्या लोकांचा. जनरल कालिक्स्तो गार्सिया यांच्या बंडखोरांनी अमेरिकन सैन्याला किनारा मोकळा करून दिला, वाटा दाखवल्या, स्पॅनिश कुमक अडवली. शहर शरण आल्यावर त्यांनाच आत येऊ दिले नाही. गार्सियांनी निषेधाचे पत्र लिहून राजीनामा दिला. 10 डिसेंबर 1898 रोजी पॅरिसमध्ये तह झाला, त्यावर एकाही क्युबन माणसाची सही नाही. गार्सिया दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये वारले. क्युबावरचा अमेरिकेचा लष्करी अंमल 20 मे 1902 पर्यंत टिकला. त्याच तहाने 2 कोटी डॉलरला हस्तांतरित झालेल्या फिलिपीन्सची कहाणी पुढच्या आठवड्यात.