जुन्या बँजोला निकेलच द्या, क्रोम नको

जवाहरनगर : गणपती जवळ आले की मंडळांचे जुने बँजो माळ्यावरून खाली येतात. स्क्रू गंजलेले, पट्ट्या काळवंडलेल्या. मग कोणी तरी म्हणतोच, "क्रोम मारून आणू." चमक येते, पण जुनं रूप जाते.

आपण ज्याला बँजो म्हणतो तो बुलबुल तरंग. जपानच्या ताइशोगोतोवरून तो आला. ते वाद्य १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तयार केलं. त्या काळी धातूच्या सामानाला चकाकी निकेलची असे. क्रोमचा मुलामा बाजारात आला १९२० च्या दशकात. निकेल किंचित पिवळसर पांढरं दिसते, क्रोम निळसर. शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळते.

भंडारा पितळी भांड्यांचा जिल्हा, त्यामुळे चिंच लावून घासायची सवय हाताला आहेच. इथे तीच नडते. निकेलचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून पातळ, जोरात घासला की खालचं पितळ उघडं पडते. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन, मऊ कापडानं पुसून पाहा. कधी कधी तेवढ्यानंच काम भागते.

थर गेलाच असेल तर चुंबक लावा. चिकटला तर खाली लोखंड, नाही तर पितळ. पितळेवर निकेल सरळ चढते, लोखंडावर आधी तांब्याचा थर देतात. तांबं म्हटलं की शेतकऱ्याला मोरचूद आठवते. बोर्डो मिश्रणात विळा बुडवून लालसर तांबं चढलं तर चुना कमी, हे आपण पाहतोच. पण ते तांबं बोटानं पुसलं तरी निघते. असा थर खाली असला तर वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटते. पक्क्या थरासाठी कारखान्यात बहुतेक सायनाइडचं द्रावण वापरतात, म्हणून हे काम घरी करायचं नाही. क्रोमचं द्रावणही तसंच घातक.

प्लेटिंगवाल्याला स्पष्ट सांगा : फक्त निकेल, वर क्रोम नाही, आणि चमक आणणारं रसायन नको. जुनं निकेल टाकीतून मंद रंगाचं निघायचं, मग हलकं बफिंग करत. १०० चौरस सेंटिमीटरला २ अँपिअर वीज दिली तर साधारण २५ मिनिटांत १० मायक्रॉन थर बसते. बफिंगमध्ये कोरलेली अक्षरं आणि कडा झिजू नयेत, हे दोनदा बजावा.

कळांच्या स्प्रिंगा मात्र देऊ नका. मी एकदा सगळं सामान एका पिशवीत घालून दिलं. तालमीच्या पहिल्याच रात्री चार स्प्रिंगा तुटल्या आणि आरतीला अर्ध्या कळा दाबल्या की वर येईनात. आम्लात आणि टाकीत पोलादात हायड्रोजन शिरते, कडक स्प्रिंग ठिसूळ होते. चूक माझीच. तारा तर नव्याच घ्याव्या.

एक जुना स्क्रू मात्र तसाच ठेवा. प्लेटिंगवाल्याला दाखवायला नमुना लागते.