पेन ड्राइव्हविना नवी कार्यप्रणाली
सीडी वा पेन ड्राइव्ह न लावता संगणकावर कार्यप्रणाली चढवण्यासाठी इंटेलने १९९९ साली जिची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली, त्या 'पीएक्सई' पद्धतीत नेटवर्क कार्डातील छोटा प्रोग्राम 'डीएचसीपी' सर्व्हरकडे, म्हणजे जाळ्यावरील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या संगणकाकडे, आयपी पत्ता मागतो आणि उत्तरात त्याला आरंभिक फाइलीचे नाव व ठिकाणही कळते. ही फाइल 'टीएफटीपी' या अगदी साध्या नियमावलीने येते. या नियमावलीच्या मूळ रचनेत ५१२ बाइटांच्या एका तुकड्याची पोच मिळाल्याखेरीज पुढचा निघत नाही, त्यामुळे मोठ्या फाइली रखडतात आणि इन्स्टॉलरचा मुख्य भाग बहुधा एचटीटीपीने आणला जातो. टीएफटीपी पासवर्ड विचारतच नाही (सोय खरी, पण धोक्याची), म्हणून असा सर्व्हर खुल्या जाळ्यावर ठेवू नये.