मनाला बसलेला धक्का

गेल्या कार्तिकात सांगलीचे आमचे एक जुने स्नेही साताऱ्यास आले होते. चहापान आटोपल्यावर त्यांनी जरा संकोचानेच विषय काढला. "मास्तर, आमची नात मानसशास्त्राच्या पुढच्या अभ्यासास जाऊ म्हणते. संकटाच्या आघाताने खचलेल्या माणसांवर उपचार करण्याचे शिक्षण तिला घ्यावयाचे आहे. चांगल्या घरच्या हुशार मुलीने वेड्यांत आयुष्य का घालवावे? आपण तिला दोन शब्द सांगा." आम्ही त्या वेळी काहीच बोललो नाही, कारण त्यांचे बोलणे ऐकताच आम्हांस आमच्या आत्याबाई आठवल्या. त्या दिवशी राहिलेले उत्तर आज द्यावे, आणि अशाच विवंचनेत असलेल्या इतर वडीलधाऱ्यांच्याही ते कानी जावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेस भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली, सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. आमच्या आत्याबाई त्या रात्री पाटणास सासरी होत्या. आठवडाभराने त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. "देवाने राखले," असे सर्वांनी म्हटले आणि विषय संपला. आत्याबाईंपुरता मात्र तो संपला नव्हता. त्यानंतर त्यांनी रात्री दाराला कडी लावू दिली नाही. ऐन थंडीतही त्या पडवीत निजत, आणि पहाटे चारच्या आधीच उठून बसत. स्वयंपाकघरात एखादे भांडे पडले, की जवळ असेल ते मूल उचलून त्या अंगणात धावत. हे पुढे वीस वर्षे चालले. घरात त्यास 'भित्रा स्वभाव' म्हणत. आम्ही मुले तर गंमत पाहण्यासाठी मुद्दाम तांब्या पाडीत असू. हे लिहिताना आज आमची मान खाली जाते.

त्यांना झाले होते ते काय, हे आम्हांस फार उशिरा कळले. भयंकर प्रसंगातून वाचलेली बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र तो प्रसंग 'होऊन गेला' अशी मनाची खात्रीच पटत नाही. स्वप्नात तो पुन्हा घडतो, बारीकशा आवाजानेही काळीज उडते, त्याची आठवण देणारी जागा टाळली जाते. महिना उलटूनही हे चालू राहिले, तर शास्त्र त्यास विकार मानते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात भेदरलेल्या सैनिकांविषयी चार्ल्स मायर्स या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये लिहिले. त्याच युद्धात आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले. जे परतले, त्यांच्या मनाची विचारपूस कोणी केली असेल? या विकारास आजचे नाव १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेने दिले. मराठीत आपण त्यास आघातोत्तर तणाव म्हणू. कोयनेच्या वेळी हे नावच अस्तित्वात नव्हते. नाव नसलेल्या दुखण्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो.

आपल्या पूर्वजांना याची जाणीव अगदीच नव्हती असे नाही. चरकसंहितेत अतिसाराच्या प्रकारांत भयज आणि शोकज असे दोन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे भय आणि शोक शरीरात उतरतात, हे त्या वैद्यांनी पाहिले होते. मन आवरण्याच्या उपचारास तेथे 'सत्त्वावजय' अशी संज्ञाही आहे. तथापि संज्ञा असणे निराळे, आणि शेकडो पीडितांच्या दारी जाऊन, नोंदी ठेवून, वर्षानुवर्षे अभ्यास करणे निराळे.

असा अभ्यास महाराष्ट्रात झाला तो किल्लारीस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात झालेल्या भूकंपात हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपाच्या परिणामांचा, विशेषतः मानसिक परिणामांचा, अभ्यास हाती घेतला. त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल' मधील नाना फडणवीस म्हणून ते वाचकांस परिचित आहेतच. परंतु ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे पहिले संचालकही होते, हे अनेकांस ठाऊक नसते. रंगभूमीवरील कीर्तीइतकेच हे कार्यही स्मरणात राहावे, असे आमचे मत आहे. कोयनेस आपण पडलेली घरे मोजली; किल्लारीस खचलेल्या मनांचीही दखल घेतली गेली. सव्वीस वर्षांत पडलेले हे अंतर विद्येने कापले.

आता आमच्या स्नेह्यांच्या घराकडे वळू. ऑगस्ट १९१९ नव्हे, अगदी अलीकडच्या ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईने सांगलीत आयर्विन पुलाशी ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पुरात आमच्या वहिनींनी दोन रात्री माडीवर काढल्या. तेव्हापासून आषाढाची झड लागली, की त्या देवांची पेटी आणि घराची कागदपत्रे माडीवर नेऊन ठेवतात आणि रात्रभर जिन्यात बसून राहतात. घरचे हसतात. हसली नाही ती एक नात! आजीजवळ जिन्यात जाऊन बसणारी हीच मुलगी आज हा अभ्यास करू म्हणते. तिला ही इच्छा कोठून झाली, हे आमच्या स्नेह्यांनी आपल्याच जिन्यात पाहावे.

राहिला वेड्यांचा प्रश्न. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे. तो रुग्णाची परीक्षा करतो, आणि शास्त्रशुद्ध संभाषणाने भयाची गाठ हळूहळू सोडवितो. यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. मार्ग लांबचा आहे, पण तो विद्येचा आहे. आणि आपल्या घराण्यांनी विद्येस कधी लांब म्हटलेले नाही.

घरात असे कोणी असेल, तर आपण काय करावे? हसू नये, 'विसरून जा' असे म्हणू नये, प्रसंग पुन्हा पुन्हा वदवूनही घेऊ नये. माणूस आपणहून बोलेल तेव्हा ऐकावे, त्याची झोप आणि जेवण सांभाळावे, आणि महिनाभरात उतार न पडल्यास तज्ज्ञांकडे न्यावे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. तिचाही उपयोग करावा.

आत्याबाई आता नाहीत. त्यांच्यासाठी काही करण्याची वेळ निघून गेली. वहिनींची मात्र गेलेली नाही. तेव्हा आमचे स्नेह्यांस एवढेच सांगणे आहे की, नातीस दोन शब्द सांगण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. आपण तिला आशीर्वाद द्यावा, आणि पावसाळ्यात एखादी रात्र जिन्यात वहिनींच्या शेजारी जाऊन बसावे.