सांगणें आणि विचारणें

आरोग्याची माहिती कानांवर घातली म्हणजे मनुष्याचें वर्तन आपोआप सुधारतें, अशी एक सोईस्कर समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. वस्तुतः तंबाखूच्या पुडीवरील इशारा वाचतां येणारे गृहस्थच ती पुडी फोडून तंबाखू मळतांना आपण पाहतों! मग ज्या रोगाचें नांव ऐकतांच पायांखालची जमीन सरकते, त्या एच. आय. व्ही.च्या रुग्णास दवाखान्यांत सांगितलेलें कितपत पचनीं पडत असेल?

भारतांत हा विषाणू प्रथम १९८६ सालीं, तेव्हांच्या मद्रासेंत, आढळला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून त्यावरील औषधें विनामूल्य मिळूं लागलीं. तीं रोज, न चुकतां, जन्मभर घ्यावीं लागतात. नियमित घेतल्यास रक्तांतील विषाणू तपासणींत न सांपडण्याइतके घटतात, आणि मग शरीरसंबंधांतून जोडीदारास संसर्ग होत नाहीं. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर जें संशोधन झालें, त्यांत पुण्याचाही वांटा होता. लवकर औषध दिल्यानें जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनीं घटला, असें २०११ सालीं त्यांतून दिसून आलें. औषध आहे, फुकट आहे, गुणकारी आहे. प्रश्न उरतो तो मनुष्यस्वभावाचा.

केनियांतील ५३८ रुग्णांवरचा एक प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारें निम्म्यांस दर आठवड्यास मोबाईलवर एकच शब्द जाई: ‘मांबो?’ म्हणजे स्वाहिलींत ‘कसें काय?’ अडचण आहे असें उत्तर आलें, किंवा दोन दिवसांत उत्तरच आलें नाहीं, तर दवाखान्यांतून फोन जाई. गोळीचें नांवही त्या निरोपांत नसे. तरीही औषध नीट घेत असल्याचें सांगणारे या गटांत ६२ टक्के भरले, इतरांत ५० टक्के; रक्तपरीक्षेंतही विषाणू दबलेल्यांचें प्रमाण ५७ व ४८ टक्के आढळलें. उलट, दक्षिण भारतांतील ६३१ रुग्णांवरच्या, २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत यांत्रिक आवाजांतून आठवण आणि चित्रसंदेश दर आठवड्यास पाठविले गेले. परिणामांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. देश निराळे, परिस्थिति निराळी. दोन प्रयोगांवरून सिद्धान्त बांधणें घाईचें होईल. तथापि केनियांतल्या त्या एका शब्दामागें उत्तराची वाट पाहणारें माणूस होतें, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील सुनेस हा रोग पतीकडून आला. एकत्र जेवल्यानें किंवा एका पेल्यांतून पाणी प्याल्यानें तो पसरत नाहीं, हें दवाखान्यांतील समुपदेशिकेनें तिला उत्तम रीतीनें समजाविलें होतें. घरीं येऊन पाहते तों तिचें ताट व कपबशी निराळ्या फळीवर! दवाखान्यांत मिळालेलें ज्ञान त्या फळीनें एका क्षणांत पुसून टाकलें. ती गोळ्या पिठाच्या डब्यांत लपवूं लागली. पाहुणे आले कीं गोळी चुके. पुढें सासूबाई तिच्याबरोबर दवाखान्यांत गेल्या. समुपदेशिकेनें त्यांस व्याख्यान दिलें नाहीं. “आजी, तुम्हांला भीति कशाची वाटते?” एवढेंच विचारलें, आणि त्यांचें सारें बोलणें संपेपर्यंत ऐकून घेतलें. मग एकेका शंकेचें निरसन केलें. त्या दिवसापासून रात्रीं नऊ वाजतां सासूबाईच पाण्याचा पेला सुनेच्या हातीं देऊं लागल्या.

रुग्णाची गुप्तता राखावी आणि त्यास भेदभावानें वागवूं नये, असा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आहे. परंतु फळीवरची कपबशी खालीं उतरविण्यास कोणताही अंमलदार स्वयंपाकघरांत येणार नाहीं. सोवळ्याओवळ्याचे संस्कार ज्या घरांत मुरलेले आहेत, तेथें तर ही जबाबदारी दुप्पट आहे. रुग्ण दवाखान्यांत अर्धा तास असतो आणि उरलेला सारा वेळ आपल्यांत असतो. तेथें जें सांगितलें जातें, तें खरें कीं खोटें, हें तो आपल्या वागणुकीवरून ठरवितो, हें सुज्ञ वाचकांनीं विसरूं नये.