परदेशातील किराणा दुकान आणि आपली औषधे

एडिसनचा ओक ट्री रोड, शिकागोचा डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यू, न्यूयॉर्कमधील जॅक्सन हाइट्स किंवा लंडनचे साउथॉल या वस्त्यांतील भारतीय किराणा दुकाने हा परदेशस्थ मराठी कुटुंबांचा मोठा आधार आहे. पोहे, साबुदाणा, कोकम, हिंग अशा जिनसा तेथे मिळतात आणि त्याच दुकानाच्या एखाद्या मांडणीवर त्रिफळा चूर्ण, च्यवनप्राश, गुग्गुळाच्या गोळ्या व बालकांसाठीच्या गुट्याही असतात. रुग्ण डाळ-तांदूळ घेतो, त्याच पिशवीत औषधही टाकतो. त्याला नाडी दाखवावी लागत नाही की चिठ्ठी लागत नाही. अन्न आणि औषध एकाच मांडणीवर आल्यामुळे उद्भवणाऱ्या प्रश्नांचा विचार वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनीही करणे अगत्याचे आहे.

बोस्टनचा धडा

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या नगरभवनापासून वीस मैलांच्या परिघातील दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून डॉ. रॉबर्ट सेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ७० आयुर्वेदीय उत्पादने विकत घेऊन तपासली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल आढळला. शिसे १३ उत्पादनांत, तर पारा व सोमल प्रत्येकी सहा उत्पादनांत होता. डिसेंबर २००४ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आयुर्वेदाविषयी जगभर शंका उपस्थित झाली.

यावर आपल्याकडून जो प्रतिवाद झाला तो सर्वस्वी निराधार नव्हता. त्या तपासणीत धातूचे एकूण प्रमाण मोजले गेले होते. तो धातू कोणत्या रूपात आहे, शोधन-मारणादी संस्कार झाले आहेत की नाहीत, याचा निर्णय त्या मोजणीने होत नाही. तथापि हा युक्तिवाद मान्य केला तरी दुकानाचा प्रश्न सुटत नाही. रसौषधीला मात्रा, अनुपान, पथ्य आणि कालमर्यादा असते, आणि यांपैकी एकही गोष्ट किराणा दुकानदार सांगू शकत नाही. आपल्या औषधनियमांतील अनुसूची ई (१) मध्ये पारद, हरताल, वत्सनाभ, भल्लातक इत्यादी द्रव्ये आहेत. त्यांच्या आभ्यंतर योगांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. देखरेख करणारा वैद्यच जेथे नाही तेथे ती सूचना कागदावरच राहते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यान्वये अशी उत्पादने आहारपूरक म्हणून विकली जातात आणि विक्रीपूर्वी त्यांना औषधासारखी मान्यता घ्यावी लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

या घटनेनंतर केंद्र शासनाच्या आयुष विभागाने निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. शिसे १०, सोमल ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष अशा मर्यादा आहेत. मात्र प्रवाशाच्या सामानातून जाणाऱ्या डबीला हा नियम अडवू शकत नाही. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांना शिशाची बाधा झाल्याचे आढळले व त्या सर्वांनी भारतातून आलेली आयुर्वेदीय म्हणविली जाणारी औषधे घेतली होती.

मसाल्याच्या मांडणीवरील नामसाम्य

रसौषधी बाजूला ठेवली तरी साध्या मसाल्यांतही घोटाळा संभवतो. दूरध्वनीवरून ‘दालचिनी घ्या’ असे सांगताना पुढील भेद ध्यानात असावेत.

दालचिनी : सिंहलद्वीपीय दालचिनी, म्हणजे सिनॅमोमम व्हेरम, पातळ सालींचे अनेक पदर गुंडाळलेली व सहज चुरडणारी असते. चिनी वा इंडोनेशियन कॅसिया जाड व टणक असते. कॅसियात यकृतास अपायकारक ठरू शकणारे कुमारिन लक्षणीय असते. युरोपात त्याची दैनिक सह्य मात्रा शरीरभाराच्या प्रत्येक किलोस ०.१ मिलिग्रॅम मानली आहे. मधुमेहासाठी रोज चमचाभर चूर्ण महिनोन्‌महिने घेणाऱ्याला ही मर्यादा ओलांडणे अवघड नाही.

तमालपत्र : आपल्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. पाश्चात्त्य ‘बे लीफ’ला एकच मध्यशीर असते व ते वेगळ्या वृक्षाचे पान आहे.

चक्रफूल : इलिशियम व्हेरम हे खाद्य, तर त्यासारखेच दिसणारे जपानी इलिशियम अ‍ॅनिसॅटम विषारी असून आक्षेप उत्पन्न करते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००३ मध्ये चक्रफुलाच्या काढ्याविरुद्ध इशारा दिला. त्या वेळी सुमारे ४० जण आजारी पडल्याची नोंद होती व त्यांत सुमारे १५ अर्भके होती. पोटदुखीसाठी अर्भकास असा काढा देण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

जिरे : ‘ब्लॅक क्युमिन’ या एकाच नावाने कलौंजी व शहाजिरे दोन्ही विकली जातात. आपल्या मनात कडू काळीजिरी असेल तर गोंधळ अधिकच वाढतो.

पिंपळी : आग्नेय आशियाई दुकानातील ‘लाँग पेपर’ पायपर लाँगम नसून जावा बेटाकडील पायपर रेट्रोफ्रॅक्टम असू शकते.

आपण काय करावे

परदेशस्थ रुग्णास द्रव्य सांगताना मराठी नावासोबत वनस्पतिशास्त्रीय नाव आणि ओळखण्याची एक खूण लिहून द्यावी. आले, ओली हळद, जिरे, धने यांसारखी आहारद्रव्ये दुकानातून घेण्यास हरकत नाही. तयार गोळ्या, गुट्या आणि भस्मे तेथून घेऊ नयेत असे स्पष्ट सांगावे. गर्भिणी व बालक यांच्या बाबतीत हा निर्बंध कटाक्षाने पाळावा. रुग्ण तेथील डॉक्टरकडे जाताना चालू औषधांची यादी त्याच्या हाती द्यावी.

औषधालयांच्या चालकांनी घटकद्रव्ये, बॅच क्रमांक आणि रसौषधी असल्यास तसा उल्लेख वेष्टनावर ठसठशीत छापावा, तसेच कच्च्या मालाची धातुतपासणी केवळ निर्यातीच्या मालापुरती मर्यादित ठेवू नये. ‘मुलाकडे अमेरिकेत पाठवायचे आहे’ असे सांगून ग्राहक रसौषधी मागू लागला, तर घेणारा कोण, त्याचे वय काय आणि त्यास कोणी तपासले, हे तीन प्रश्न विचारावेत. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास विक्री नाकारावी.