संयमाच्या वाटा मेंदूत उशिरा तयार होतात

जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. खूण दिसल्यावर माणूस प्रतिसाद द्यायला किती वेळ घेतो, दोन खुणांतून एक निवडायची असेल तर हा वेळ किती वाढतो, याची तिथे सेकंदाच्या सूक्ष्म भागांत मोजणी होई. त्याच काळात, त्याच विद्यापीठात पाउल फ्लेक्सिग हे मनोविकारतज्ज्ञ अर्भकांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. वुंट विचाराला लागणारा वेळ मोजत होते, फ्लेक्सिग मेंदूतल्या वाटा शोधत होते. जिवंत माणसात या दोन्ही गोष्टींची सांगड घालायला मात्र शास्त्राला पुढची शंभर वर्षे लागली.

मेंदू कापला की बाहेरचा थर करडा आणि आतला भाग पांढुरका दिसतो. करड्या थरात चेतापेशी दाटीने असतात. पांढरा भाग म्हणजे त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या लांब तंतूंचे जुडगे. हा पांढरा रंग येतो तंतूंवरच्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणामुळे. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले असे आवरण असलेले सगळे तंतू एकापुढे एक ठेवले, तर त्यांची लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरेल, असा डेन्मार्कमधल्या संशोधकांचा अंदाज आहे. आवरण चढले की विद्युत संदेश कितीतरी पटींनी वेगाने धावतो. शिवाय वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेले संदेश नेमक्या वेळी एकत्र पोचतात, आणि विचारासाठी हा वक्तशीरपणा वेगाइतकाच मोलाचा असतो.

हे आवरण सगळीकडे एकाच वेळी चढत नाही, हा फ्लेक्सिग यांचा मोठा शोध. पाहणे, ऐकणे, स्पर्श, हालचाल यांच्या वाटा आधी तयार होतात. या सगळ्यांचा मेळ घालणाऱ्या भागांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. कपाळामागच्या भागाला उरलेल्या मेंदूशी जोडणाऱ्या काही वाटा विशीच्या अखेरीपर्यंत घडत राहतात, हे आता ठाऊक झाले आहे.

नेमक्या याच वाटांवर आपला संयम अवलंबून असतो. एक साधी चाचणी करून पाहा. कागदावर निळ्या शाईने ‘लाल’ असा शब्द लिहा आणि समोरच्याला अक्षरे न वाचता शाईचा रंग सांगायला सांगा. ओठांवर ‘लाल’ येते, ते आवरून ‘निळा’ म्हणायला क्षणभर जास्त वेळ लागतो. अंगवळणी पडलेला प्रतिसाद थोपवणे, हेतू ध्यानात धरून ठेवणे आणि गरज पडली की रोख बदलणे, या क्षमतांना शास्त्रज्ञ बोधात्मक नियंत्रण म्हणतात. त्यासाठी कपाळामागचा भाग, मेंदूची मधली बाजू आणि खोलवरची केंद्रे यांच्यात क्षणार्धात देवाणघेवाण व्हावी लागते. म्हणून संयम एखाद्या ठरावीक कोपऱ्यात सापडत नाही. तो या केंद्रांच्या आपसातल्या संपर्कातून घडतो.

जिवंत मेंदूतल्या या वाटा दिसू लागल्या त्या पाण्यामुळे. तंतूच्या लांबीच्या दिशेने पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडव्या दिशेने अडतात. ही हालचाल एमआरआयने टिपण्याचे सुरुवातीचे प्रयोग ज्या थोड्या ठिकाणी झाले, त्यांत १९८५ सालचे ग्योटिंगेन होते. तिथे येन्स फ्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. या तंत्राने पाहता, ज्यांच्या कपाळामागच्या वाटा सुघटित, त्यांची नियंत्रणाच्या चाचण्यांतली कामगिरी सरासरीने सरस असते, असे अनेक अभ्यासांत आढळले. हा संबंध माफक आहे. स्कॅनवरून कुणा एकाचा स्वभाव सांगता येत नाही, आणि चांगल्या वाटांमुळे संयम येतो की संयमाच्या सरावाने वाटा सुधारतात, हेही एका स्कॅनवरून ठरत नाही.

बर्लिनमधल्या माक्स प्लांक मानवविकास संस्थेने या प्रश्नाकडे सरावाच्या बाजूने पाहिले. सुमारे सहा महिन्यांत स्मरणशक्ती आणि आकलनाच्या वेगाची तासातासाची शंभरेक सत्रे झाली. सहभागी लोकांत विशीतले तरुण होते, तसे ६५ ते ८० वयाचे ज्येष्ठही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या टोकात दोन्ही गटांमध्ये बदल दिसले. स्कॅन केलेला गट लहान होता, तरी उतारवयातही पांढरा भाग बदलू शकतो, हे त्यातून पुढे आले.

या वाटा घडतात तशा झिजतातही. येना इथले ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ साली काही रुग्णांच्या मेंदूंचे वर्णन केले. त्यांच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या, आतला पांढरा भाग आकसला होता आणि बुद्धी हळूहळू मंदावत गेली होती. आज एमआरआयवर याच भागात पांढरे डाग दिसतात. वय आणि उच्च रक्तदाब ही त्यांची प्रमुख कारणे. लाइपझिगच्या सुमारे दहा हजार नागरिकांच्या आरोग्य अभ्यासातून पोटातल्या चरबीशीही त्यांचा संबंध दिसला. डाग किती यासोबत ते कुठे आहेत, यालाही महत्त्व असते. असे डाग वाढलेला माणूस अनेकदा नावे विसरत नाही, पण त्याला दोन कामे एकत्र सांभाळता येत नाहीत, निर्णय लांबतो, चिडचिड वाढते. घरचे लोक ‘वय झाले’ म्हणून हे सोडून देतात.

म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. चार वर्षांच्या मुलाला किंवा सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःला आवरता येत नाही, तेव्हा तो हट्टच असतो असे नाही. ज्या वाटांनी आवरायचे, त्याच अजून तयार होत असतात. अशा वेळी मुलांना ओरडा नको, वेळ आणि सराव द्यावा. आणि चाळिशीनंतर रक्तदाब नियमित मोजून घ्यावा, डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नये. रक्तदाबाचा संबंध आपण हृदयाशी जोडतो. सत्तरीत स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.